‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’ हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, पण अपुरे आहे. शाळेत हा एकच अर्थ पाठ झालेला असल्यामुळे ‘इट्स गेटिंग डार्क’ किंवा ‘वुई गॉट होम ॲट नाइन’ अशी वाक्ये समोर आली, की ‘मिळणे’ त्यांत कुठेच बसत नाही आणि विद्यार्थी गोंधळतो. ‘गेट’ मुळात स्थित्यंतर सांगते. जे आधी नव्हते ते आता झाले, एवढे सांगणे हे त्याचे काम. वस्तू आपल्याकडे नव्हती ती आली, माणूस घरी नव्हता तो पोहोचला, अंधार नव्हता तो पडू लागला, विनोद कळला नव्हता तो कळला. या चार ठिकाणी मराठी चार वेगवेगळी क्रियापदे वापरते, तर बोलीतली इंग्रजी चारही ठिकाणी ‘गेट’ वापरते.

‘हॅव’ आणि ‘बी’ ही क्रियापदे स्थिती सांगतात आणि ‘गेट’ त्या स्थितीत होणारा प्रवेश सांगते, हे एक सूत्र लक्षात ठेवले तर अर्थांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. ‘शी इज अँग्री’ म्हणजे ती रागावलेली आहे, आणि ‘शी गॉट अँग्री’ म्हणजे ती रागावली. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झालेली आहे, आणि ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘झालेली आहे’ आणि ‘झाली’ यांतला फरक मराठी माणूस न शिकताच जाणतो. ‘गेट’ समजून घेण्यासाठी तीच जाण कामाला येते.

मग एखाद्या वाक्यात नेमका कोणता अर्थ आहे, हे कसे ओळखावे?

‘गेट’च्या पुढे काय आले आहे ते पाहावे. पुढे नाम आले, तर बहुधा मिळणे, आणणे, घेणे किंवा आजार होणे असा अर्थ असतो, जसे ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र आले. पुढे विशेषण आले, तर होणे: ‘द सूप इज गेटिंग कोल्ड’ म्हणजे सूप थंड होत चालले आहे. पुढे जागा दाखवणारा शब्द आला, तर पोहोचणे किंवा शिरणे. पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले, तर काहीतरी घडणे किंवा कर्मणी अर्थ: ‘ही गॉट पेड’ म्हणजे त्याला पैसे मिळाले, त्याचा पगार झाला. पुढे ‘टू’ आणि क्रियापद आले, तर संधी मिळणे, आणि मध्ये एखादी व्यक्ती असली तर तिच्याकडून काम करून घेणे.

एकाच नामाबरोबर दोन अर्थ संभवतात तेव्हा प्रसंगावरूनच निवाडा होतो. ‘कॅन यू गेट द फोन?’ असे कोणी फोन वाजत असताना म्हटले, तर त्याचा अर्थ ‘जरा फोन घेशील का?’ असा होतो. फोन दुसऱ्या खोलीत पडलेला असेल, तर ‘जरा फोन आणतोस का?’ असा होतो. मराठीतही ‘घेणे’ या क्रियापदाचे असेच आहे: औषध घेतो, साडी घेतो, मनावर घेतो आणि कुणाला फैलावरही घेतो, आणि यांपैकी एकही अर्थ आपण कधी स्वतंत्रपणे पाठ केलेला नसतो.

मराठी भाषकांचे ‘गेट’ नेमके कुठे चुकते?

मराठीत अनुभव ज्याला येतो, त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो. मला ताप आला, मला बक्षीस मिळाले, मला उशीर होतोय, मला कळले की तो गेला, मला तुमचे बोलणे समजत नाहीये. इंग्रजीत हा ‘मला’ बहुतेक वेळा ‘आय’ होऊन वाक्याच्या आरंभी येतो आणि त्यामागे ‘गेट’ येते. बक्षिसाच्या आणि सर्दीच्या वाक्यांत हे रूपांतर सुरळीत होते, म्हणून ते सगळीकडेच चालेल असे वाटू लागते. तीन ठिकाणी मात्र ते अडते.

पहिले ठिकाण ‘मला उशीर होतोय’ हे. त्याचे ‘आय ॲम गेटिंग लेट’ असे वाक्य भारतभर ऐकू येते आणि भारतात सर्वांना समजते; ब्रिटिश किंवा अमेरिकन ऐकणाऱ्याला मात्र ते खटकते. माणसाला उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणावे, आणि वेळ बरीच झाली आहे, रात्र होत आली आहे असे सांगायचे असेल तर ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणावे.

दुसरे ठिकाण ‘मला कळले की’ हे. ‘आय गॉट टू नो दॅट ही हॅज लेफ्ट’ यातला ‘गेट टू नो’ हा प्रयोग इंग्रजीत प्रामुख्याने हळूहळू ओळख वाढण्यासाठी वापरतात. नव्या शेजाऱ्यांशी परिचय होत गेला, शहर हळूहळू ओळखीचे झाले, अशा ठिकाणी तो शोभतो. बातमी कळली, तर ‘आय हर्ड’ किंवा ‘आय फाउंड आउट’ म्हणणे योग्य.

तिसरे ठिकाण ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ हे. समजणे या अर्थाचे ‘गेट’ सहसा चालू काळात येत नाही. ‘आय डोन्ट गेट इट’ किंवा ‘सॉरी, आय डोन्ट फॉलो’ हे सरळ आहे.

याच्या जोडीला आणखी एक मुद्दा आहे. महाराष्ट्राच्या काही भागांत वस्तूंसाठीही ‘भेटणे’ वापरतात, ‘बाजारात चांगले आंबे भेटले’ असे म्हणतात, आणि प्रमाण मराठीत तेथे ‘मिळणे’ येते. त्या बोलीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र इंग्रजीत या दोन क्रियांची फारकत पक्की आहे: वस्तू ‘गेट’ होते आणि माणूस ‘मीट’ होतो. ‘आय गॉट माय फ्रेंड ॲट द स्टेशन’ असे म्हटले, तर मित्र स्टेशनवर भेटला असे न समजता त्याला तिथून घेऊन आलो असे समजले जाईल.

‘होणे’ यासाठी ‘गेट’ वापरावे की ‘बिकम’?

पुढे विशेषण असेल, तर बोलताना ‘गेट’ अधिक स्वाभाविक वाटते आणि लिहिताना ‘बिकम’ अधिक शोभते. पुढे नाम असेल, तर ‘बिकम’च वापरावे लागते. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर झाली. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हटले तर तिने डॉक्टर बोलावून आणला असा अर्थ होईल. ही चूक अनेकदा ऐकू येते, कारण मराठीत ‘डॉक्टर झाली’ आणि ‘आजारी झाली’ या दोन्ही ठिकाणी एकच ‘झाली’ आहे.

मराठीचे ‘होणे’ आणखी दोन क्रियापदांत वाटले जाते. बिघाडाकडे किंवा सहसा न परतणाऱ्या अवस्थेकडे जाणे असेल, तर इंग्रजी बहुधा ‘गो’ वापरते, म्हणजे आंधळा होणे, टक्कल पडणे, वेड लागणे, दूध नासणे या ठिकाणी ‘गो’ येते. रंग बदलत असेल, तर ‘टर्न’ किंवा ‘गो’ येते. भूक लागणे, थकवा येणे, ओले होणे, कंटाळणे, बरे होणे अशा नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्या अवस्थांसाठी ‘गेट’ येते. हा नियम काटेकोर नाही, म्हातारपण परत फिरत नसूनही ‘गेट ओल्ड’ असेच म्हणतात. पण एखाद्या ठिकाणी शंका आली तर या विभागणीने बहुतेक वेळा योग्य क्रियापद सापडते.

‘गॉट टू’ म्हणजे ‘करायला मिळाले’ की ‘करावे लागेल’?

दोन्ही अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या जवळजवळ उलट आहेत, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळाले. येथे मराठी आणि इंग्रजी यांची रचना आश्चर्य वाटावे इतकी जुळते, कारण आपणही ‘बघायला मिळाले’, ‘ऐकायला मिळाले’ असेच म्हणतो आणि त्यात संधी लाभल्याचा आनंद असतो. ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे मात्र मला तिला भेटायलाच हवे.

फरक ‘हॅव’चा आहे, आणि अडचण अशी की जलद बोलण्यात हा ‘हॅव’ आकसून ‘व्ह’ एवढाच उरतो किंवा पूर्णपणे गळतो आणि ‘गॉट टू’चे ‘गॉटा’ होते. त्यामुळे ऐकताना काळाकडे लक्ष द्यावे. झालेल्या गोष्टीविषयी बोलणे चालू असेल तर संधी, आणि आता किंवा पुढे करायच्या गोष्टीविषयी असेल तर बंधन. निघताना कोणी ‘आय गॉटा गो’ म्हणाला, तर त्याला निघावे लागत आहे.

‘केस कापले’ आणि ‘केस कापून घेतले’ हा फरक इंग्रजीत कसा दाखवतात?

‘आय कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतः कात्री हातात घेऊन केस कापले. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणजे मी ते कापून घेतले. क्रम असा: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. घर रंगवून घेणे, चष्मा दुरुस्त करून घेणे, कागदपत्रे साक्षांकित करून घेणे, हे सारे याच साच्यात बसते. मराठीतील ‘करून घेणे’ इतके नेमके आहे, की ही रचना मराठी भाषकाला अवघड वाटण्याचे कारण नाही. तरीही पुष्कळ लोक ‘आय पेंटेड माय हाउस’ असे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, की यांनी स्वतः ब्रश धरला.

काम कोणाकडून करून घेतले ते सांगायचे असेल, तर साचा बदलतो: ‘गेट’, मग व्यक्ती, मग ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे मी त्याच्याकडून सही करून घेतली, आणि त्यात काहीसे मन वळवणे, पटवणे, पाठपुरावा करणे सुचवलेले असते. ‘आय मेड हिम साइन’ म्हटले तर त्याला सही करायला भाग पाडले असे होते. ‘आय हॅड हिम साइन’ म्हटले तर ते कामाच्या रीतीनुसार, सांगितले आणि त्याने केले असे होते. ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यानंतर ‘टू’ येत नाही आणि ‘गेट’नंतर ते आलेच पाहिजे, ‘आय गॉट हिम साइन’ हे चूक आहे.

‘वॉज फायर्ड’ आणि ‘गॉट फायर्ड’ यांत काही फरक आहे का?

घटना एकच आहे, म्हणजे त्याला नोकरीवरून काढले. पण ‘गॉट’ वापरल्यावर बोलणे अनौपचारिक होते आणि घटनेचा त्या माणसावर झालेला परिणाम पुढे येतो. म्हणूनच सायकल चोरीला जाणे, पावसात अडकणे, दंड होणे, तसेच बढती मिळणे किंवा संघात निवड होणे, अशा माणसाला भोवणाऱ्या किंवा लाभणाऱ्या घटनांबरोबर ‘गेट’ शोभते. जेथे असा कोणी भोगणारा नाही आणि काम योजून केलेले आहे, तेथे ते शोभत नाही. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये बांधून पूर्ण झाला हे सांगताना ‘वॉज कम्प्लीटेड’ असेच लिहावे, ‘गॉट कम्प्लीटेड’ असे लिहू नये.

‘बी’मुळे येणारी एक संदिग्धताही ‘गेट’ने टळते. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ याचे ‘खिडकी फुटलेली होती’ आणि ‘खिडकी फोडली गेली’ असे दोन अर्थ होतात, तर ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटले की घटनाच समजते. प्रश्न विचारताना आणि नकार देताना मात्र ‘गेट’ला ‘डिड’ची मदत घ्यावी लागते: ‘डिड ही गेट फायर्ड?’, ‘आय डिडन्ट गेट पेड’.

‘गॉटन’ हे रूप चुकीचे आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये आज तिसरे रूप सहसा ‘गॉट’ असते, अमेरिकेत पुष्कळदा ‘गॉटन’. अमेरिकनांनी ते नव्याने घडवले असे अनेकांना वाटते, पण ते जुने इंग्रजी रूप आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ते आढळते, आणि ब्रिटिश इंग्रजीतही ‘फरगॉटन’ आणि ‘इल-गॉटन’ या शब्दांत ते शिल्लक आहे. ते इंग्लंडमध्ये मागे पडले आणि अमेरिकेत टिकले.

अमेरिकन इंग्रजीत या दोन रूपांच्या कामांची वाटणीही झालेली आहे. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली आहे. पुणे-मुंबईच्या शाळांतून शिकवली जाणारी इंग्रजी बरीचशी ब्रिटिश वळणाची असल्यामुळे परीक्षेत ‘गॉट’ लिहिणे सोयीचे. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथल्या लोकांबरोबर काम करणाऱ्या मराठी माणसाने ‘गॉटन’ वापरण्यास अजिबात बिचकू नये.

बसमधून उतरणे म्हणजे ‘गेट डाउन’ का?

भारतीय इंग्रजीत होय, इतरत्र ‘गेट ऑफ’. ‘गेट डाउन’ म्हटले की परदेशी ऐकणारा शिडीवरून किंवा झाडावरून खाली येणे समजतो, किंवा खाली वाकणे. बस, रेल्वे, विमान, बोट, सायकल यांच्यासाठी चढताना ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’. मोटार, टॅक्सी, रिक्षा यांच्यासाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते किंवा ज्यावर टांग टाकून बसतात, तेथे पहिली जोडी येते.

‘गेट’ला लागणारे छोटे शब्द कसे लक्षात ठेवावेत?

यादी करून पाठ करू नयेत. छोट्या शब्दाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे आणि त्याला जवळचा मराठी वाक्प्रचार जोडावा. ‘ओव्हर’ म्हणजे ओलांडून पलीकडे. त्यामुळे ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून उठणे किंवा दुःखातून सावरणे. ‘थ्रू’ म्हणजे आरपार. म्हणून ‘गेट थ्रू’ म्हणजे कठीण काळ निभावून नेणे, परीक्षा पार करणे आणि फोन लागणेसुद्धा. ‘बाय’ म्हणजे बाजूने निघून जाणे. ‘गेट बाय’ म्हणजे आहे त्यात भागवणे, आणि तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्याचे ‘भागते कसेबसे’ हे वाक्य त्याला अगदी चपखल बसते. ‘गेट अवे विथ’ म्हणजे करून सवरून नामानिराळे राहणे, शिक्षा न होता सुटणे. ‘गेट राउंड टू’ म्हणजे रेंगाळलेल्या कामाला अखेर हात लागणे. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे, सूत जुळणे.

शिकवणाऱ्यांना माझा आग्रह आहे, की मुलांना ‘गेट ओव्हर म्हणजे ओव्हरकम’ असे अवघड इंग्रजी प्रतिशब्द देण्याआधी ‘सावरणे’ हा शब्द द्यावा. मुलाला जो अर्थ स्वतःच्या भाषेत आधीच ठाऊक आहे, त्याच्याशी नवा शब्द जोडला गेला तरच तो बोलताना तोंडी येतो.

‘गेट’ आणि फाटकाचे ‘गेट’ यांचा संबंध आहे का?

नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे उच्चारही वेगळे आहेत; देवनागरीत मात्र ते सारखेच लिहिले जातात. क्रियापदातला स्वर ऱ्हस्व आणि तुटक आहे, फाटकातला लांब असून शेवटी ‘इ’कडे झुकतो. मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ असा भेद नसल्यामुळे आपला कान इथे फसतो. ‘लेट मी गो’ आणि ‘आय ॲम लेट’ यांतले दोन ‘लेट’ मोठ्याने, आलटून पालटून म्हणण्याचा सराव केल्यास हा फरक लवकर बसतो.

हा शब्द इंग्रजीत कुठून आला?

उत्तर युरोपातून. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतील ‘गेता’ हे क्रियापद पुढे इंग्रजीत रुळले. ‘टेक’ आणि ‘दे’ हेही त्याच वाटेने आलेले शब्द आहेत. इंग्रजीत त्याच कुळातले स्वतःचे क्रियापद आधीपासून होते, पण ते ‘फरगेट’सारख्या जोडशब्दांतच वावरत असे आणि त्यातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’च्या जवळचा होता. आजचा ठाशीव ‘ग’ नॉर्स प्रभावाचा. या धातूचा मूळ अर्थ पकडणे असा असून लॅटिनमार्गे आलेले ‘कॉम्प्रिहेंड’ हे क्रियापद त्याचे दूरचे नातलग आहे. पकडण्यापासून समजण्यापर्यंतची वाट भाषेने अशी दोनदा चालली. आपणही ‘आकलन’ आणि ‘ग्रहण’ हे शब्द समजण्यासाठी वापरतो, आणि त्यांतही हाती धरण्याचाच भाव आहे.

सर्वाधिक अर्थ असलेले इंग्रजी क्रियापद हेच का?

नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या छापील आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती, आणि पुढे सुधारित आवृत्तीचे काम चालू असताना ‘रन’ने त्याला मागे टाकले, ‘रन’च्या क्रियापद म्हणून ६४५ अर्थछटा तेथे नोंदल्या गेल्या. पण ‘रन’चे कितीतरी अर्थ यंत्रे, व्यापार, नौकानयन अशा विशिष्ट क्षेत्रांतले आहेत. रोजच्या बोलण्यात मात्र ‘गेट’ टाळून फार वेळ बोलणे कठीण आहे.

लेखनात ‘गेट’ टाळावे, असे शिक्षक सांगतात. ते योग्य आहे का?

अर्ज, कार्यालयीन पत्र, शोधनिबंध यांपुरते योग्य आहे. तेथे पत्र ‘रिसीव्ह’ होते, परवानगी ‘ऑब्टेन’ केली जाते, परिस्थिती ‘इम्प्रूव्ह’ होते. ‘गेट’चा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो आणि औपचारिक मजकूर वाचणाऱ्यापुढे तो प्रसंग नसतो, म्हणून नेमके क्रियापद वापरणे हा वाचकाचा मान राखणे आहे. मात्र हाच नियम बोलण्याला लावला, की भाषा ताठर होते. दुकानात ‘व्हेअर कॅन आय ऑब्टेन मिल्क?’ असे विचारणारा माणूस व्याकरणदृष्ट्या बरोबर असला तरी ऐकणाऱ्याला परका वाटतो. सहकाऱ्याला पाठवायच्या साध्या ईमेलमध्ये ‘डिड यू गेट माय मेसेज?’ असे लिहिण्यात काहीही गैर नाही. तोच प्रश्न कुलसचिवांना लिहायचा असेल, तर ‘रिसीव्ह’ वापरावे.